शब्दाला धनी कोण?

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे एक लहानसे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ पूर्वी ह्या गावाचे नाव शहरातील सुशिक्षित वाचकांपैकी फारसे कोणी ऐकले असेल असे आम्हांस वाटत नाही. त्या दिवशी रविवार होता आणि गावात आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी ह्या भटक्या जमातीतील पाच जण भिक्षेच्या फेरीवर तेथे आले होते. पोटासाठी गावोगाव हिंडणे हा त्या जमातीचा पिढीजात क्रम. त्यात नवे किंवा संशयास्पद असे काहीच नव्हते. परंतु मुले पळविणारी टोळी ह्या भागात आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून कित्येक दिवस फिरत होती. संशयाची ठिणगी पडली, पाहता पाहता जमाव जमला आणि त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारण्यात आले.

ग्रामपंचायतीच्या खोलीत! ज्या जागी गावाने एकत्र बसून आपल्या पाण्याचा, रस्त्याचा आणि शाळेचा विचार करावयाचा, जी जागा लोकशाहीची पहिली पायरी म्हणून आपण अभिमानाने दाखवितो, त्याच जागी पाच निरपराध माणसे चौकशीचा एक शब्दही ऐकून न घेता मारली गेली. संस्थेची इमारत उभी होती, पण ज्या गुणांच्या बळावर संस्था चालावयाची, त्या गुणांपैकी एकही त्या घटकेला तेथे हजर नव्हता.

ह्या घटनेला बराच काळ लोटला, मग आज तिची आठवण कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, राईनपाड्याने विचारलेला एक प्रश्न अजून अनुत्तरितच आहे. ज्यांनी हात उगारला त्यांना पोलिस शोधू शकतात आणि न्यायालय त्यांचा न्याय करू शकते. परंतु ते हात ज्या शब्दांनी उगारले गेले, त्या शब्दांचा धनी कोण? अफवेच्या त्या मजकुराखाली कोणाची सही नव्हती. तो छापणारा कोणी मुद्रक नव्हता, त्याची जबाबदारी घेणारा कोणी संपादक नव्हता. ज्याने तो पाठविला त्याला तो दुसऱ्या कोणी तरी पाठविला होता. प्रत्येकाचे उत्तर एकच: जसे आले तसे पाठविले.

त्याच सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोन जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलून नेतात, असे तीत दिसे. वस्तुतः ती पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली फीत होती. तिच्या अखेरीस मोटारसायकलवरील माणसे परत येऊन मुलाला सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. कोणी तरी तो शेवटचा भाग कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी केलेली फीत अशा रीतीने माणसे मारण्याचे निमित्त बनली. कात्री चालविणाऱ्या हाताचे पाप मोठे आहे, ह्यात शंका नाही. पण तो हात एकच होता आणि ती फीत पुढे पाठविणारे हात अगणित होते. ह्या अगणित हातांपैकी बहुतेक हात सज्जनांचे होते. आपल्या शेजाऱ्याच्या मुलाबाळांची काळजी वाटूनच त्यांनी ते बटण दाबले असेल. ह्या युगातील सामाजिक संकटाचे मर्म आमच्या मते येथेच आहे. त्यात दुर्जनांची संख्या वाढलेली नाही. सज्जनांनी आपल्या शब्दाची जबाबदारी टाकून दिली आहे.

हे वाचून शहरातील वाचकांनी खेड्यातील अडाणीपणाला नाक मुरडू नये. ज्या गृहनिर्माण संस्थेत डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि बँकेतील अधिकारी राहतात, तिच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळपासून काय काय फिरते, ते प्रत्येकाने स्वतःशीच आठवून पाहावे. अमुक काढ्याने तमुक रोग बरा होतो, अमुक जमातीच्या फेरीवाल्याकडून भाजी घेऊ नका, कोणा थोर पुरुषाच्या तोंडी त्याने कधी न उच्चारलेली वाक्ये, कोठल्या तरी दंगलीचे जुने छायाचित्र आजचे म्हणून! पदवीधर माणूस बाजारात भेंडी घेताना चार शेंगा मोडून पाहतो आणि एका संपूर्ण समाजाला गुन्हेगार ठरविणारा मजकूर मात्र चहाचा घोट घेता घेता शंभर जणांच्या घरी पोचवितो. राईनपाड्यात आणि आपल्या इमारतीत जो फरक आहे तो शहाणपणाचा असेलच असे नाही. पुष्कळदा तो केवळ सुदैवाचा असतो.

अशा प्रसंगी दोन उपाय हमखास सुचविले जातात. पहिला उपाय सरकारी दंडुक्याचा. त्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या पसंत असल्याची खूण केली. दोघींनाही अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम असे सैल होते की, कोणाला त्रासदायक वाटेल असा कोणताही मजकूर त्याच्या कक्षेत ओढता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरविले, हे योग्यच झाले. पुढे २०२३ मध्ये, शासकीय कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे शासनाच्याच एका पथकाने ठरवावे, असा नियम केंद्र सरकारने केला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तोही रद्द केला. ज्याच्या कारभारावर टीका होणार त्यानेच टीकेचा खरेखोटेपणा ठरवावयाचा, ही कल्पना न्यायाच्या प्राथमिक तत्त्वात बसत नाही. अफवेने पाच माणसांचा बळी घेतला म्हणून पन्नास माणसांची तोंडे बंद करावयाची, हा हिशेब लोकशाहीला परवडणारा नाही.

दुसरा उपाय यंत्राचा. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे ठरले. ह्या उपायांनी अफवेचा वेग मंदावतो, हे आम्ही मान्य करतो. ज्या कंपन्या आपल्या लक्षाचा आणि आपल्या रागाचा व्यापार करून अमाप पैसा मिळवितात, त्यांच्याकडून ह्याहून कितीतरी अधिक जबाबदारीची अपेक्षा करण्याचा समाजाला हक्क आहे, हेही आम्ही ठामपणे सांगू इच्छितो. पण वेग मंदावला म्हणून विषाचे अमृत होत नाही.

मग मजकुराचा मूळ पाठविणारा शोधून काढावा, असे सरकारने म्हटले. २०२१ च्या नियमांत तशी तरतूद करण्यात आली आणि मे २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एकाचा माग काढण्यासाठी सर्वांची पत्रे उघडी करावी लागतील, अशी कंपनीची तक्रार. हा वाद केवळ कंपनी आणि सरकार ह्यांच्यातील नाही. नागरिकाचे खासगी पत्र खासगी राहिले पाहिजे, ह्या बाजूला आमचा कौल आहे. परंतु ह्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि तीच आम्हांस चुकीची वाटते. मजकुराचा धनी म्हणजे तो पहिल्यांदा लिहिणारा, अशी त्यांची समजूत दिसते. आमच्या मते तो मजकूर पुढे पाठविणारा प्रत्येक जण त्याचा धनी आहे. चोरीचा माल पहिल्या चोराने कोठून आणला हे ठाऊक नाही, म्हणून तो विकणारा दुकानदार निर्दोष ठरत नाही.

शब्दाला धनी असला पाहिजे, ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. आपल्या सार्वजनिक जीवनाचा पायाच तिच्यावर घातला गेला. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्यांतून २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांनी एक विलक्षण नियम केला होता. सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. तुम्ही लोकांच्या वतीने बोलता, पण तुम्हांला हा अधिकार कोणी दिला, असे विचारण्याची सोयच त्यांनी ठेवली नाही. सुमारे सहा हजार लोकांनी पंचाण्णव प्रतिनिधींना असा अधिकार दिला होता. पुढे १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा ह्या सभेने दुष्काळी भागात आपली माणसे पाठविली, माहिती गोळा करविली आणि ती सरकारपुढे ठेवली. परक्या सरकारला तिच्याकडे सहज दुर्लक्ष करता आले नाही, कारण तिच्यामागे नावे, गावे आणि आकडे उभे होते. गणेश वासुदेव जोशी ह्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले ते त्यांच्या आवाजाच्या मोठेपणामुळे नव्हे. आपल्या प्रत्येक शब्दाचा जबाब ते देऊ शकत होते म्हणून.

ह्यावरून तो काळ सत्ययुगाचा होता असा अर्थ कोणी काढू नये. अफवा तेव्हाही होत्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा रुग्णालयात नेऊन लोकांना मारतात अशी आवई उठली आणि गिरणीकामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. त्या सार्वजनिक सभेचे ‘सार्वजनिक’ असणेही अपुरेच होते. त्या पंचाण्णवांच्या बैठकीत स्त्रियांना स्थान नव्हते, आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांनाही नव्हते. ती उच्चवर्णीयांची सभा आहे अशी टीका महात्मा फुले ह्यांनी केली, ती उगीच नव्हे. म्हणूनच त्यांना १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढावा लागला आणि म्हणूनच १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांना ‘मूकनायक’ सुरू करावा लागला. ज्यांना कोणी व्यासपीठ दिले नाही त्यांना आज हातातल्या यंत्राने व्यासपीठ मिळवून दिले आहे, हे ह्या युगाचे मोठे देणे आहे. ते काढून घेण्याच्या कोणत्याही युक्तिवादात आम्ही सामील होणार नाही. पण ‘मूकनायका’चे बळ तो मोठ्याने बोलला ह्यात नव्हते. स्वतःचे नाव आणि स्वतःचा पत्ता देऊन, तोलून मापून तो बोलला, ह्यात होते.

नावाचा आग्रह धरला की निनावी लिहिणाऱ्या दुर्बळांचे काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. वरिष्ठांचा भ्रष्टाचार उघड करणारा कारकून किंवा घरातील छळाविषयी लिहिणारी स्त्री ह्यांना नाव झाकण्याचा हक्क असला पाहिजे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘शतपत्रे’ लिहिली ती ‘लोकहितवादी’ ह्या टोपणनावानेच. पण ती ज्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात छापून येत, त्याचे संपादक भाऊ महाजन होते. लेखकाचे नाव पडद्याआड असले, तरी मजकुराची जबाबदारी उघड्यावर होती. बिनानावाचा शब्द समाजाला चालू शकतो, पण बिनधन्याचा शब्द चालत नाही. आज प्रत्येक माणूस स्वतःच मुद्रक, स्वतःच वितरक आणि स्वतःच प्रकाशक झाला आहे. मग संपादकाची जी जबाबदारी भाऊ महाजनांनी उचलली, ती आता प्रत्येकाच्याच माथी आली आहे, आणि ती टाळून प्रकाशक होण्याचा हक्क मात्र हवा, असे म्हणता येणार नाही.

हे अशक्य कोटीतील मागणे नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेने जेव्हा घरोघर हाहाकार उडविला, तेव्हा प्राणवायू कोठे मिळेल आणि खाट कोठे रिकामी आहे, ह्याच्या याद्या ह्याच माध्यमांवरून फिरत होत्या. त्यांपैकी पुष्कळ शिळ्या, चुकीच्या आणि म्हणून जीवघेण्या होत्या. पण ठिकठिकाणच्या तरुणतरुणींनी एक साधी शिस्त स्वतःला लावून घेतली. यादीतील प्रत्येक क्रमांकावर फोन करावयाचा, खात्री करावयाची, आणि मग त्या ओळीपुढे ‘तपासले’ असे लिहून तपासल्याची वेळही नोंदवावयाची. यंत्र तेच, गट तेच, घबराटही तीच. फरक पडला तो मजकुराने एका माणसाच्या हाती क्षणभर विसावा घेतल्यामुळे आणि त्या माणसाने त्याची हमी घेतल्यामुळे. त्या हमीने किती जीव वाचले ह्याची मोजदाद कोणी केली नाही. पण ज्यांची माणसे वाचली त्यांना ती ठाऊक आहे. ह्या मुलांनी कसलीही संस्था नोंदविली नव्हती, कोणी त्यांना नेमले नव्हते. नागरी समाज म्हणतात तो हाच. घर आणि सरकार ह्यांच्या मधल्या जागेत, नात्यागोत्याची नसलेली माणसे, कोणाच्या हुकुमावाचून, परक्यासाठी काही जोखीम स्वीकारतात, तेव्हा तो जन्माला येतो.

त्या समाजाला ह्या युगात तग धरावयाची असेल तर काय हवे? पहिली गोष्ट हवी ती थांबण्याची सवय. जो मजकूर आपण आपल्या सहीनिशी नोटीस फलकावर लावणार नाही, तो पुढे पाठवावयाचा नाही, एवढा एक नेम सुशिक्षितांनी पाळला तरी अर्धे काम होईल. आणि चुकून पाठविला गेलाच, तर ज्या गटावर पाठविला त्याच गटावर, त्याच ठळकपणे, चूक कबूल करावयाची. वृत्तपत्रांना हे कडू औषध घ्यावे लागते. ते इतरांनीही घेण्यास हरकत नाही.

दुसरी गोष्ट हवी ती समोरासमोर बसण्याच्या जागांची. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एकाच मंडपात बसून, न पटणारे मत शेवटपर्यंत ऐकून घेण्याचे शिक्षण तिने पिढ्यान् पिढ्यांना दिले. पडद्यावरील विरोधक हा केवळ एक नाव असतो. शेजारच्या खुर्चीवरील विरोधक खोकतो, पाणी मागतो, जाताना छत्री विसरतो. त्याला राक्षस समजणे मग कठीण जाते. गावोगावची सार्वजनिक वाचनालये, व्याख्यानमाला आणि मोहल्ला समित्या ओस पडत असताना आपण मोबाईलवरील गटांची सभासदसंख्या मोजून समाज जागा झाल्याचे समाधान मानणार असू, तर ती स्वतःचीच फसवणूक होईल.

तिसरी गोष्ट, रटाळ कामाची चिकाटी. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ ह्या अवाढव्य शहराचा कारभार लोकनियुक्त सभागृहावाचून प्रशासकाने पाहिला. ह्या काळात आपल्या गटांवर जगातल्या सर्व युद्धांची चर्चा झाली; पण आमच्या वॉर्डातील प्रश्न विचारणारा प्रतिनिधी कोठे आहे, असे विचारणारे आवाज किती होते? माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिणे, ग्रामसभेला हजर राहणे, नाल्याच्या कामाचा हिशेब मागणे, ह्यात रोमांच नाही आणि त्यांना कोणी पसंतीची खूणही करीत नाही. पण नागरिकत्व ह्याच कामांनी घडते.

आम्ही राईनपाड्याच्या एका बंद दारापासून प्रारंभ केला. त्याच रविवारी रात्री आणखी एक दार बंद झाले होते, त्याचीही आठवण ठेवली पाहिजे. मालेगावात, मुले पळविण्याच्या त्याच संशयावरून, जमावाने काही परगावच्या माणसांना घेरले. त्यांच्याबरोबर एक अगदी लहान मूलही होते. तेथील एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, आणि पोलिसांनी जमावाच्या रोषाला तोंड देत त्यांना सुखरूप बाहेर काढले. ज्याने त्यांना आत घेतले त्याच्याही कानावर ती अफवा आलेलीच असणार. त्याच्याही घराबाहेर त्याचेच शेजारी ओरडत होते. त्याला त्या अनोळखी माणसांची खात्री पटलेली होती असेही नाही. त्याला एवढेच कळत होते की, चौकशीवाचून कोणाला मारता येत नाही.

एकाच दिवशी, एकाच अफवेपायी, दोन दारे बंद झाली. एका दाराआड पाच माणसे मेली, दुसऱ्या दाराआड माणसे वाचली. अफवा उद्याही येईल. ती आज रात्रीच आपल्या हातातील पडद्यावर उजळेल. तिच्यापुढे आपण कोणते दार लावणार, हे सरकार ठरविणार नाही, कंपनी ठरविणार नाही आणि ‘जसे आले तसे पाठविले’ असे म्हणून ते टाळताही येणार नाही. वाचकांपैकी प्रत्येकाने त्या घटकेला अंगठा क्षणभर उचलून धरावा आणि स्वतःला एवढेच विचारावे: ह्या शब्दाचा धनी व्हायला मी तयार आहे काय?